एलडीवाल्या (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या) पोरांना कॉलेजसाठी तयार करायचं तर आठवीपासूनच पकड सैल करा

पोराचं कॉलेज सुरू होऊन चार दिवस झाले होते. परीक्षेच्या जादा वेळेचं काय ते विचारायला मी तिथल्या ऑफिसला फोन लावला, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "त्यालाच येऊ द्या ना, आम्ही स्टुडंटशीच बोलतो." ठीक आहे म्हटलं. घरी त्याला विचारलं, तुला नेमकं काय आहे आणि काय हवंय ते सांगता येईल ना त्यांना? तर म्हणतो, "ते तुलाच माहितीये ना."

तिसरीत त्याचं असेसमेंट झालं, डिस्लेक्सिया (म्हणजे वाचन-लेखनात अडचण) निघाला, आणि तिथून पुढे नऊ वर्षं अर्ज मी केले, बाईंना मी भेटले, लेखनिक मी शोधला, दप्तरसुद्धा बरीच वर्षं मीच भरलं (लाज वाटते पण खरंय). शाळेत हे खपून जातं कारण शाळा पालकांशी बोलते, कॉलेज बोलत नाही. त्याचं पहिलं वर्ष कसं गेलं ते विचारूच नका. धाकटीला एडीएचडी आहे (म्हणजे लक्ष टिकवणं, कामाला लागणं अवघड जातं), ती तेव्हा आठवीत होती, तिच्या वेळी आम्ही जरा शहाणे झालो होतो, तर काय जमलं आणि काय फसलं ते सगळं लिहितेय, ज्यांची पोरं आठवी-नववीत आहेत त्यांनी आत्ताच वाचा, बारावीच्या सुट्टीत वाचून फार उपयोग नाही.

पहिलं काम, रिपोर्ट पोराच्या हातात द्या

आपण तो रिपोर्ट फाइलमध्ये लावून कपाटात ठेवतो आणि ज्याचा आहे त्याने तो कधी बघितलेलाच नसतो. एका निवांत दुपारी दोघांनी बसून वाचा, एका दमात नाही, दोन-तीन बैठकांत. त्यात शब्द अवघड असतात आणि त्यामुळे पोरं भलतंच समजून बसतात. आमच्या पोराच्या रिपोर्टात वाचनाच्या वेगापुढे "नववा पर्सेंटाइल" लिहिलं होतं, त्याला वाटलं आपल्याला शंभरात नऊ मार्क पडले, आणि हे त्याने मनात धरून ठेवलेलं. त्याचा अर्थ इतकाच की त्याच्या वयाची शंभर पोरं घेतली तर साधारण नऊ जण त्याच्याएवढ्या किंवा त्याच्याहून कमी वेगाने वाचतात. त्याच पानावर तोंडी आकलनाचा आकडा चांगला सत्तरच्या वर होता, तो कुणी त्याला दाखवलाच नव्हता.

अजून एक, नवीन रिपोर्टमध्ये डिस्लेक्सिया हा शब्द दिसला नाही तर घाबरू नका. डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्ट जे डीएसएम नावाचं मॅन्युअल वापरतात त्याची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये आली, तिच्यात वाचन, लेखन, गणित हे तिन्ही "स्पेसिफिक लर्निंग डिसऑर्डर" या एकाच नावाखाली घेतलेत, म्हणून बरेच जण तसं लिहितात. दुखणं तेच, पाटी बदललीय.

वाचून झालं की पोराने स्वतःच्या शब्दांत तीन-चार वाक्यं बनवायची, पाठांतरासारखी नाही, बोलल्यासारखी. आमच्या लेकाचं शेवटी असं झालं: "मला डिस्लेक्सिया आहे. मला वाचायला वेळ लागतो, समजायला लागत नाही. पेपरला जादा वेळ मिळाला आणि नोट्स एक दिवस आधी मिळाल्या तर माझं काम होतं." बास. यात रडगाणं नाही, माफी नाही, आणि समोरच्याने काय करायचं ते स्पष्ट आहे. हे आधी ओळखीच्या शिक्षकांसमोर म्हणून बघायचं, जिथे चुकलं तरी काही बिघडत नाही.

मग मागायची सवय

धाकटीने नववीत पहिला मेल स्वतः पाठवला. अख्खा मेल असा होता, "सर मला एक्स्ट्रा टाइम हवाय." खाली नाव नाही, वर्ग नाही, कुठली परीक्षा ते नाही. सरांचं उत्तर आलं, "तुम्ही कोण?" मी शेजारच्या खोलीत बसून हसू दाबत होते आणि हात शिवशिवत होते की आण इकडे मी लिहून देते, पण नाही दिलं. तिसऱ्या मेलला सगळं बरोबर जमलं. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, राहू दिल्या, सरांना मेल कळला ना, झालं तर.

दर सहामाहीला एक काम तिच्याकडे सरकवायचं असं ठरवलं होतं, आधी मेल, मग शिक्षकांना भेटणं, मग फॉर्म, मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट. मी सोबत जायची पण गप्प बसायची. गप्प बसणं हे या अख्ख्या यादीतलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते पोरांचं नाही, आपलं आहे.

आणि थोडं पडू द्या. दहावीत तिने एक प्रोजेक्ट वेळेत दिलं नाही, मला आदल्या रात्रीच माहीत होतं, मी काही बोलले नाही आणि त्याचे मार्क गेले. नवऱ्याने मला दोन दिवस सुनावलं. पण तो शून्य शाळेत मिळाला म्हणून स्वस्तात पडला.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण चुकलं तर महागात जातं. बऱ्याच कॉलेजांना रिपोर्ट ताजा लागतो, तिसरीतला चालत नाही, म्हणून अकरावी-बारावीच्या सुमारास पुन्हा असेसमेंट करून घ्यायचं. लहान मुलांची जी बुद्ध्यांक चाचणी सगळीकडे वापरतात ती साधारण सतराव्या वाढदिवसापर्यंतच चालते, मोठ्यांची सोळापासून सुरू होते, तर जमलं तर मोठ्यांचीच करा, ती पुढे जास्त काळ उपयोगी पडते. रिपोर्टात नुसतं निदान नको, "म्हणून याला ही ही सवलत द्यावी" असं कारणासकट लिहून घ्या.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत, भारतात 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे ज्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी नावानिशी आहे, ब्रिटनमध्ये 2010 चा समानता कायदा, अमेरिकेत तर शाळेचा कायदा वेगळा आणि कॉलेजचा वेगळा. पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते, शाळा पोराला शोधत येते, कॉलेजात पोराने जाऊन सांगावं लागतं. आणि दुसरा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही: शाळेत कधीकधी अभ्यासच कमी करून मिळतो, एखादा विषय सुटतो, कॉलेजात तसं सहसा होत नाही. तिथे जादा वेळ मिळेल (कुठे पंचवीस टक्के जास्त, कुठे एकूण दीडपट), वेगळी खोली मिळेल, कॉम्प्युटरवर लिहू देतील, पण पेपर तोच. म्हणून शेवटच्या दोन वर्षांत सवलती "अभ्यास कमी" वरून "अभ्यास तोच, पद्धत वेगळी" अशा हळूहळू बदलत न्या.

अॅडमिशन घ्यायच्या आधीच विचारून ठेवायचं की सवलतीसाठी कोणाला भेटायचं, अर्ज दर टर्मला करायचा का एकदाच, शेवटची तारीख कधी, मंजूर व्हायला किती दिवस. पेपर झाल्यावर "मला डिस्लेक्सिया आहे हो" म्हणून सांगितलं तर मार्क परत येत नाहीत, आमच्याकडे अनुभव आहे.

अभ्यासाची हत्यारं आधीच सवयीची करा

मजकूर वाचून दाखवणं आणि बोललेलं टाइप करणं, या दोन्ही सोयी आता बहुतेक फोनमध्ये फुकट असतात. पण कॉलेजात गेल्यावर शिकायला घेतलं तर पहिली टर्म त्यातच जाते. एक गोम सांगते, पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर फोनसाठी तो नुसता फोटो असतो, त्यातली अक्षरं त्याला "दिसत" नाहीत आणि तो गप्प बसतो. आधी ओसीआर करावं लागतं म्हणजे चित्राचा मजकूर बनवावा लागतो. पोराने स्कॅन केलेला धडा घेऊन, ओसीआर करून, ऐकून, नोट्स काढणं हे सगळं एकट्याने पाच-सहा वेळा केलेलं पाहिजे.

डिस्लेक्सियासाठीचे खास फॉन्ट आणि पानावर ठेवायच्या रंगीत पारदर्शक फिल्म यांवर आम्ही बराच काळ घालवला, अभ्यासांमध्ये त्यांचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही. अक्षर मोठं आणि अक्षरांत जागा जास्त, हे साधं काम जास्त उपयोगी. तसंच ते "हा व्हिज्युअल लर्नर आहे" प्रकरण, म्हणजे याला बघूनच कळतं तर चित्रांनीच शिकवा, 2008 मध्ये संशोधकांनी त्यावरचे अभ्यास तपासले आणि तसं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही.

ज्याला पुरावा आहे ते म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं. 2006 मध्ये रोडिगर आणि कारपिकी या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. आता विचार करा, ज्याला एक पान वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो त्याला आपण सांगतो "पुन्हा वाच, पुन्हा वाच". त्यापेक्षा एकदा ऐक, पुस्तक बंद कर, फोनवर बोलून रेकॉर्ड कर काय आठवतंय ते, मग उघडून बघ काय सुटलं.

वेळ

एडीएचडीवाल्यांचं खरं दुखणं इथे आहे. शाळेत घंटा वाजते, कॉलेजात दोन लेक्चरच्या मधे तीन तास मोकळे असतात आणि निबंध सहा आठवड्यांनी द्यायचा असतो. लेकीला मी एक वही दिली, काम सुरू करायच्या आधी अंदाज लिही, संपल्यावर खरा वेळ लिही. पहिल्याच दिवशी निबंधाचा अंदाज चाळीस मिनिटं, लागले साडेतीन तास. महिनाभराने तिचं तिनेच ठरवलं की डोक्यात येईल तो आकडा गुणिले तीन. मोठं काम असलं की द्यायच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं आणि पहिला तुकडा इतका लहान ठेवायचा की हसू यावं, "लॅपटॉप उघडून फाइलला नाव देणे" एवढा. आणि कुणीतरी सोबत बसलेलं असलं की तिचं काम होतं, बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. आता ती मैत्रिणीसोबत व्हिडिओ कॉल लावून बसते, दोघी आपापलं काम करतात.

घराबाहेरचं बाकी सगळं

स्वतःच्या गजराने उठणं, औषध संपायच्या आठवडाभर आधी आणणं, कपडे धुणं, हे बारावीच्या आधी किमान सलग एक महिना आपण आठवण न करता झालं पाहिजे. आकड्यांचा घोळ होत असेल तर बिलं आपोआप भरली जातील असं लावून द्या आणि खर्चाचं खातं वेगळं ठेवा. सही करायचा कुठलाही कागद आधी फोनकडून वाचून घ्यायचा, घाई करणाऱ्याला थांबवायचं. आणि कॉलेजच सगळ्यांसाठी आहे असंही नाही, हाताने काम शिकवणारे कोर्स, अप्रेंटिसशिप हे पहिल्या दिवसापासून यादीत ठेवा, नापास झाल्यावरची शिक्षा म्हणून नाही.

नोकरीत सांगायचं की नाही यावर घरोघरी वाद असतो. माझं मत, एखादी सोय हवी असेल तर सांगावं, आणि निदान सांगण्यापेक्षा सोय सांगावी, "मला सूचना लेखी आणि मुद्देसूद मिळाल्या तर चुका होत नाहीत" असं. आमचा पोरगा आता नोकरीला आहे, त्याने अजून कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणतो गरज पडली तर बोलेन. मला वाटतं त्याने सांगावं. पण निर्णय त्याचा आहे, म्हणून मी विचारणं बंद केलंय, म्हणजे महिन्यातून एकदाच विचारते.