रिमोटचा टायगर : आधी पळवा, मग रंगवा

रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याच्या मॉडेलचा, म्हणजे किटचा डबा उघडला की सगळ्यांचे हात आधी रंगाकडे जातात. माझेही गेले होते. पहिला रणगाडा मी तीन रविवार बसून रंगवला, चिखल लावला, गंज चढवला आणि मग गच्चीवर नेऊन चालू केला. पाचव्या मिनिटाला डावा पट्टा निसटला. पट्टा परत चढवायला चाकं काढावी लागली, चाकांसोबत रंगाचे पापुद्रे आले आणि तीन रविवार वाया गेले. तेव्हापासून नियम एकच : आधी नुसत्या प्लॅस्टिकचा रणगाडा पोटभर पळवायचा, कुरकुर काढायची आणि मगच ब्रश हातात घ्यायचा.

उदाहरणासाठी टामिया या जपानी कंपनीचा १/१६ मापाचा टायगर-१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, घेतो. खरा टायगर तोफेसकट साधारण ८.४५ मीटर लांब, म्हणजे मॉडेल जेमतेम ५३ सेंटिमीटर. चहाच्या ट्रेमध्ये मावणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. 'फुल ऑप्शन' किटमध्ये मोटर, गिअरबॉक्स, आवाजाचं युनिट, बुरूज फिरवणारी यंत्रणा असं सगळं येतं, पण चार चॅनेलचा ट्रान्समीटर, रिसीव्हर, ७.२ व्होल्टची बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. ऑर्डर देताना हे विसरलात तर डबा महिनाभर नुसता बघत बसावं लागतं.

हत्यारं

निपर (छोटी कापणारी पक्कड), धारदार कटर, ४०० ते १००० नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा, प्लॅस्टिक सिमेंट एवढ्यावर बरंचसं काम होतं. एका गोष्टीत मात्र काटकसर नको : स्क्रूड्रायव्हर. जपानी किटमधल्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरपेक्षा किंचित वेगळी, जपानी मापाची असते. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर लावला की तो निसटतो, डोकं गोल होतं आणि मग तो स्क्रू जन्मभर तिथेच. जपानी टोकाचे दोन स्क्रूड्रायव्हर घेऊन ठेवा.

यंत्र

स्प्रूमधून, म्हणजे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून, भाग तोडायचे नाहीत, निपरने थोडं अंतर ठेवून कापायचे आणि उरलेला ठिपका कटरने तासायचा. सगळे भाग एकदम सुटे करू नका. नंबर स्प्रूवर असतात, भागावर नसतात.

गिअरबॉक्स निवांत वेळी जुळवा. दात्यांना किटमधलंच ग्रीस, तेही थोडं. गॅरेजमधलं ग्रीस काही प्लॅस्टिकांना ठिसूळ करतं. धातूत धातू बसणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकरचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब द्या, नाहीतर मोटरच्या थरथरीने तो सुटतो आणि नेमका गिअरमध्ये पडतो. पण थ्रेडलॉकर प्लॅस्टिकला लागला तर प्लॅस्टिक तडकतं, म्हणून प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो कधीच नको. जुळवून झाल्यावर अक्ष बोटांनी फिरवून बघा. कुठे अडकत असेल तर आत्ताच उघडा. 'चालवल्यावर मोकळा होईल' ही आपली आपणच काढलेली समजूत आहे.

डाव्या-उजव्या मोटरच्या वायरींना मास्किंग टेप लावून 'डा' आणि 'उ' लिहा. त्या उलट जोडल्या की रणगाडा डावीकडे सांगितलं की उजवीकडे जातो, आणि आपण अर्धा तास ट्रान्समीटरला दोष देत बसतो.

आता चाकं. टायगरच्या प्रत्येक बाजूला आठ अक्ष, आणि सुरुवातीच्या उत्पादनात प्रत्येक अक्षावर तीन चाकं, एकमेकांत गुंतलेली. ५७ टनांचं वजन मऊ जमिनीवर पसरावं म्हणून जर्मनांनी ही रचना केली. रशियाच्या हिवाळ्यात त्या फटींत चिखल गोठला की चाकंच जाम व्हायची. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण खडा अडकण्याची आहे. आणि इथेच माझ्या नियमाला एक अपवाद : आतल्या रांगांची चाकं नंतर रंगवता येत नाहीत. ती बसवण्याआधीच रंगवा. चाक टूथपिकवर घट्ट बसवून फिरवत ब्रश स्थिर धरला की रबराची कड कुंभाराच्या चाकावर काढल्यासारखी गोल येते.

पट्ट्याचा ताण ही खरी कसरत. टायगरला वरच्या बाजूने पट्टा पेलणारे छोटे रोलर नाहीत, पट्टा मोठ्या चाकांच्या डोक्यावरच टेकतो, त्यामुळे वर थोडा झोळ दिसलाच पाहिजे. फार ताणला तर गिअरबॉक्सवर भार येतो, फार सैल सोडला तर जागच्या जागी वळताना निसटतो. ताण मागच्या चाकावर बदलायचा, आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या. बाजू सारख्या नसतील तर रणगाडा सरळ जाताना एकीकडे ओढला जातो.

धातूचे पट्टे बसवायचा मोह होईल. दिसतात सुंदर, वाजतातही खऱ्यासारखे. पण जड असतात, त्यांच्याबरोबर धातूची दातेरी चाकं आणि दणकट गिअर लागतात. पहिल्या रणगाड्याला किटचेच पट्टे ठेवा.

नागड्या रणगाड्याची परेड

रणगाड्याचं धड वरून बंद करण्याआधी तो पाटावर असा ठेवा की पट्टे हवेत राहतील. आधी ट्रान्समीटर चालू, मग रणगाडा. बंद करताना उलटा क्रम. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, बुरूज, तोफ, आवाज, दिवे, एकेक करून तपासा. वायर कुठल्याही फिरत्या भागाला शिवत नाही ना, ते बघा. मग फरशीवर उतरवा. गालिच्यावर अजिबात नको, धागे अक्षाला गुंडाळतात. केसही गुंडाळतात, आणि ते आपल्या घरात किती असतात हे त्याच दिवशी कळतं.

वेगाचं सांगतो, कारण सगळे इथे चुकतात. खरा टायगर रस्त्यावर ताशी सुमारे ३८ किलोमीटर जायचा. सोळाने भागा : ताशी २.४ किलोमीटर, म्हणजे आजोबा जेवणानंतर शतपावली घालतात त्याहूनही हळू. वजनाचा हिशोब तर गमतीचा. लांबी सोळा पट कमी, पण वजन सोळाच्या घनाने, म्हणजे ४०९६ पट कमी व्हायला हवं. त्या हिशोबाने मॉडेल जवळपास १४ किलोचं असायला हवं होतं. प्रत्यक्षात ते बरंच हलकं असतं, म्हणून जोरात चालवलं की खेळण्यासारखं उड्या मारतं. ट्रान्समीटरची काडी हळूहळू पुढे ढकला, हळूहळू सोडा. रणगाडा जड वाटतो तो चालवणाऱ्याच्या अंगठ्यामुळे.

अशा दोन-तीन बॅटऱ्या संपेपर्यंत पळवा. मधेमधे मोटरला हात लावून बघा, चटका बसला तर थांबा. या परेडमध्ये जे काही सुटायचं, घासायचं, कुरकुरायचं ते सगळं बाहेर पडतं.

बारकावे

आता बारकाईचं काम, आणि इथे थोडा अभ्यास लागतो. हे किट सुरुवातीच्या उत्पादनाचं आहे. त्यावर झिमेरिट नको. चुंबकी सुरुंगांपासून संरक्षणासाठीचा तो खवल्यांसारखा लेप १९४३च्या ऑगस्टच्या सुमारास लावायला सुरुवात झाली, वर्षभराने बंद झाली. सुरुवातीच्या उत्पादनाचा रणगाडा आणि त्यावर झिमेरिट अशी सरमिसळ पुष्कळ मॉडेलांवर दिसते. जाणकार बोलत नाही, नुसता हसतो.

पोताचंही तसंच. टायगरचं धड आणि बुरूज लाटलेल्या पोलादी पत्र्यांचे, म्हणून ते बऱ्यापैकी गुळगुळीत. तोफेभोवतीची पुढची जाड ढाल मात्र ओतीव, म्हणून खडबडीत. प्लॅस्टिक सिमेंटमध्ये पुटी (फटी भरायचा लेप) पातळ करून जुन्या ब्रशने फक्त त्या ढालीवर ठिपके मारा. वेल्डिंगच्या रेषांसाठी एम-सीलची बारीक वळी सांध्यात बसवा आणि ओली असतानाच कटरच्या टोकाने जवळजवळ खुणा करा. ओढायच्या दोरखंडासाठी किटमधला धागा कधीही घेऊ नका, तो केसाळ दिसतो. तांब्याच्या वायरीतल्या तारा काढून पीळ द्या.

अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. तिथे टायगर नाही, पण सेंच्युरियन, पॅटन, विजयंत आहेत. पत्र्याचे सांधे, ओतीव पोलादाचा पोत आणि बिजागरीची जाडी एकदा जवळून पाहिली की हात आपोआप नीट चालतो. त्यांच्या रंगाची नक्कल मात्र करू नका, तो देखभालीचा रंग असतो.

रंग

रणगाडा भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, प्रायमर मारा. आफ्रिकेतले सोडले तर जर्मन रणगाडे १९४३च्या फेब्रुवारीपर्यंत गडद राखाडी होते, नंतर कारखान्यातून गडद पिवळे येऊ लागले आणि त्यावर सैन्याच्या तुकड्या हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे मारत. पिवळा थोडा फिकाच घ्या. लहान वस्तूवर मूळ रंग डोळ्याला काळवंडलेला दिसतो. पावसाळ्यात कॅन फवारू नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती काढायला पुन्हा फवारावं लागतं.

डिकल, म्हणजे आकड्यांचे आणि चिन्हांचे पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर, लावण्याआधी तिथे चकचकीत वार्निशचा हात द्या, नाहीतर आकड्यांखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. मग ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून सांध्यांत सोडा. अक्ष आणि स्क्रूपाशी तो साचू देऊ नका, ताणाखालच्या प्लॅस्टिकला टर्पेंटाइन चिरा पाडतं.

धूळ-चिखलासाठी पुस्तक नको, पोकलेन बघा. रस्त्याच्या कामावर उभा दिसला की दोन मिनिटं थांबा. पट्ट्याचा जमिनीला लागणारा भाग चकचकीत, कड्यांच्या फटीत वाळलेली माती, चाकाच्या मध्याशी तेलाचा काळा डाग, आणि वरच्या बाजूला साधी धूळ. गंज आपल्याला वाटतो तितका कुठेच नसतो. टायगरवरही तो प्रामुख्याने मागच्या दोन सायलेन्सरवर आणि पट्ट्याच्या खाचांत ठेवा. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही : गेरू चालतो, तोही लोखंडाचा ऑक्साइडच. धातूची चमक हवी तिथे ६बी पेन्सिलचं शिसं बोटाने घासा.

माती चाळणीतून दोनदा काढा, तव्यावर कोरडी भाजून घ्या, मॅट वार्निशमध्ये कालवा आणि चाकांच्या आतल्या बाजूला, चिखल उडेल त्या दिशेने लावा. रशियाच्या आघाडीवरचा टायगर असेल तर काळपट माती, ट्युनिशियातला असेल तर फिकट. कोकणातली लाल माती कितीही हाताशी असली तरी यावर नको. पट्ट्यावर हाताने रंग खरवडत बसू नका. दोन बॅटऱ्या अंगणात पळवा, जिथे खरं घासतं तिथला रंग आपोआप जातो, आणि तो तुमच्या ब्रशपेक्षा नेमका जातो.

परत आणल्यावर मऊ ब्रशने चाकांच्या फटी झाडा, खडे चिमट्याने काढा आणि बॅटरी काढून बाहेर ठेवा. गरम असताना चार्जिंगला लावू नका.