उत्क्रांती न मानणाऱ्यांशी चर्चा कशी करावी

समोरची व्यक्ती नेमके काय नाकारते, हे आधी विचारून घ्यावे. पृथ्वी सुमारे 6,000 वर्षांपूर्वी निर्माण झाली असे मानणाऱ्याला आणि केवळ माणसाचा अपवाद करणाऱ्याला एकच उत्तर पुरत नाही. ‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?’ असा प्रश्न आल्यास, माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज समान होते एवढेच उत्क्रांती सांगते, हे शांतपणे स्पष्ट करून गुणसूत्रांचा पुरावा मांडावा, कारण माझ्या मते तो सर्वांत बोलका आहे: चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या, माणसात 23, आणि आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आतल्या भागात एरवी टोकांशी आढळणारी रचना दिसते, म्हणजेच पूर्वजांची दोन गुणसूत्रे जोडली जाऊन एक जोडी कमी झाल्याची खूण. श्रद्धेवर घाव घालू नये. उत्क्रांतीचे थोर अभ्यासक थिओडोसियस डोबझान्स्की स्वतः ख्रिस्ती श्रद्धावान होते.