व्होल्टेज वेगळं असलेल्या देशात घरची उपकरणं चालवताना

प्लगच्या पिना जुळवणं हे सगळ्यात सोपं काम. खरा निकाल उपकरणाच्या तळाशी किंवा चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तिथे 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' (हर्ट्झ म्हणजे विजेच्या लाटा सेकंदाला किती) असं दिसलं तर पिना बदलणारा अॅडॉप्टर पुरतो. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. '२२०-२४०' वाचून मात्र फसू नका, त्यात १२० बसत नाही. ११०/२२० असा खटका असलेला हेअर ड्रायर असेल, तर खटका प्लग लावण्याआधी बदला.

भारत, युरोप, ऑस्ट्रेलियात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानात १०० व्होल्ट, पण पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०.

तापणाऱ्या वस्तूंची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) बदलते. २३० व्होल्टची १५०० वॉटची किटली १२० वर जेमतेम ४०० वॉट देते. पाणी उकळायला चौपट किंवा जास्तच वेळ लागतो. उलट, १२० व्होल्टची १००० वॉटची इस्त्री २३० वर साडेतीन हजार वॉटच्या वर ओढू पाहते आणि कॉइल जळते.

यावर उपाय ट्रान्सफॉर्मर. १२० चे २३० हवे असतील तर स्टेप-अप, उलट असेल तर स्टेप-डाउन. त्याची क्षमता तापणाऱ्या वस्तूसाठी लेबलवरच्या वॉटपेक्षा पाव पट जास्त घ्या, मोटर असेल तर किमान दुप्पट, कारण सुरू होताना मोटर काही क्षण कितीतरी जास्त करंट ओढते. म्हणजे ५०० वॉटच्या मिक्सरला १००० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॉटच) ट्रान्सफॉर्मर. त्याचं वजन काही किलो भरतं, बॅगेत टाकण्याआधी विचार करा. शिवाय भिंतीची मर्यादा राहतेच: १२० व्होल्ट, १५ अँपिअरचा सॉकेट १८०० वॉटच्या पुढे जात नाही. २००० वॉटच्या किटलीला तिथे कोणताच ट्रान्सफॉर्मर वाचवू शकत नाही. पहिल्यांदा लावताना आधी नुसता ट्रान्सफॉर्मर चालू करून मल्टिमीटरने आउटपुट मोजा, मग उपकरण जोडा. काम झालं की ट्रान्सफॉर्मरही काढा. रिकामा असला तरी तो थोडी वीज खातो आणि तापतो.

'१६०० वॉट' लिहिलेले हलके, तळहाताएवढे कन्व्हर्टर मिळतात. ते विजेची लाट कापून व्होल्टेज कमी करतात. साध्या कॉइलला ते चालतं. इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं काहीही त्यावर लावू नका, सर्किट उडतं.

ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही, हे बरेच जण विसरतात. मिक्सर, ड्रिल यांच्या कार्बन ब्रशच्या मोटरला त्याने फारसा फरक पडत नाही. पंखा, साधा फ्रिज यांच्या इंडक्शन मोटरला पडतो: ६० हर्ट्झची मोटर ५० वर सुमारे सहाव्या हिश्श्याने मंद फिरते, जास्त करंट घेते आणि तापते. जुन्या पद्धतीच्या मायक्रोवेव्हमधला लोखंडी ट्रान्सफॉर्मरही असाच तापतो. विजेच्या हर्ट्झवर चालणारं ६० चं घड्याळ ५० वर तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

धातूचं अंग असलेल्या तीन पिनांच्या वस्तूला दोन पिनांचा अॅडॉप्टर लावला तर अर्थिंग तुटतं. आत वायर सुटली तर झटका अंगाला बसतो. तिथे अर्थ पिन असलेलाच अॅडॉप्टर हवा. किटली, इस्त्री, हेअर ड्रायर तर नेऊच नयेत, पोहोचल्यावर तिथलेच घ्यावेत.