वादग्रस्त साय-फाय सिनेमाचं घरच्या घरी पुनर्संकलन कसं करावं

रिडली स्कॉटचा ‘प्रोमिथिअस’ २०१२ साली आला आणि प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडले. एका तटाला तो ग्रह, ते यान, ‘इंजिनिअर’ म्हणवला जाणारा तो पांढराफटक परग्रहवासी डोळ्यांत साठवावासा वाटतो. दुसऱ्या तटाचा एकच सवाल असतो: एवढा खर्च करून परग्रहावर नेलेले शास्त्रज्ञ इतके बावळट कसे? दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच हात बसवायला हा सिनेमा चांगला. जो सिनेमा मुळातच टाकाऊ आहे तो कापून सुधारत नाही. माल आहे पण बांधणी चुकली, असाच निवडावा.

चाहत्यांनी सिनेमा पुन्हा कापणं नवीन नाही. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ भागाची ‘द फँटम एडिट’ ही आवृत्ती २००१ च्या सुमारास व्हीएचएस टेपांवरून हातोहात फिरली. मूळच्या सव्वादोन तासांतली वीसेक मिनिटं तिच्यात कमी होती. तेव्हापासून रीएडिट म्हणजे नावडत्या पात्राला कात्री, असा समज बसला. प्रत्यक्षात लांबी हा क्वचितच खरा रोग असतो. ‘असं का झालं?’ याचं उत्तर पडद्यावर नसतं, तिथे प्रेक्षक चिडतो. ते उत्तर कधी कापून मिळतं, कधी जोडून, आणि कधी फक्त एक वाक्य गप्प करून.

आधी कायद्याचं

स्वतः विकत घेतलेली ब्लू-रे डिस्क हवी, हे धरून चाला. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापर, अभ्यास आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. पूर्ण सिनेमा नेटवर चढवणं किंवा पेनड्राइव्हवरून वाटणं त्यात बसत नाही. कलम ५७ मूळ कर्त्याच्या कृतीची मोडतोड होऊ नये म्हणून आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ डिस्कवरचं डिजिटल कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडण्याबद्दल आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कुलूप उघडण्याची कृती इथे दिलेली नाही.

ही कटकटच नको असेल तर ब्लेंडर फाउंडेशनचा ‘टिअर्स ऑफ स्टील’ घ्या. २०१२ चाच, बारा मिनिटांचा, यंत्रमानव आणि फसलेलं प्रेम असलेला साय-फाय लघुपट. परवाना इतका मोकळा की श्रेय देऊन कापा, जोडा, वाटा. पहिला हात याच्यावरच चालवावा.

फाइल

डिस्कवरचा व्हिडिओ एच.२६४ मध्ये असतो. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधल्या फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवरून रचल्या जातात. त्यामुळे टाइमलाइनवर मागे-पुढे जाताना चित्र अडखळतं आणि एका फ्रेमचा नेमका कट मारणं जिकिरीचं होतं. उपाय म्हणजे एफएफएमपेग या फुकट साधनाने फाइलचं प्रोरेस ४२२ या संकलनाला सोप्या स्वरूपात रूपांतर. १०८० पिक्सेलला हिशेब सेकंदाला साधारण ११७ मेगाबिटचा, म्हणजे १२४ मिनिटांच्या ‘प्रोमिथिअस’ला जवळपास ११० जीबी. लॅपटॉपवर तेवढी जागा नसेल तर डीएनएक्सएचडी ३६ ची प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी प्रत, करावी. ती ३५ जीबीच्या आत मावते, आणि शेवटी मूळ फाइल परत जोडता येते. एक टीबीची एसएसडी आणि १६ जीबी रॅम एवढं पुरतं. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती या कामाला भरपूर आहे.

फ्रेमचा वेग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ब्लू-रे सेकंदाला २३.९७६ फ्रेमची. आपल्याकडे मिळणाऱ्या जुन्या डीव्हीडी बहुधा पाल पद्धतीच्या, २५ फ्रेमच्या. त्यावर सिनेमा चार टक्क्यांहून थोडा जास्त वेगाने पळतो. ब्लू-रेवरचा एक मिनिटाचा प्रसंग अशा डीव्हीडीवर साडेसत्तावन्न सेकंदांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित चिरके लागतात. असा तुकडा घ्यायचाच असेल तर वेग आणि स्वर दोन्ही खाली आणावे लागतात. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेमरेट पहिली क्लिप टाकण्याआधी ठरवावा, नंतर तो बदलता येत नाही.

कागदावरचं संकलन

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली जुनी मंडळी खरी फिल्म कापून टेपने जोडायची. चुकला कट परत जोडायला वेळ जायचा, म्हणून कापण्याआधी विचार व्हायचा. आता ‘अनडू’ आहे, त्यामुळे विचार नंतर होतो. तो आधीच करावा.

सिनेमा दोनदा बघा. पहिल्या वेळी काहीही लिहू नका, फक्त कुठे मोबाइलकडे हात गेला ते लक्षात ठेवा. दुसऱ्या वेळी प्रसंगवार तक्ता करा. त्यात चार रकाने: वेळ, काय घडतं, या प्रसंगातून प्रेक्षकाला नवीन काय कळतं, आणि ते पुढे कुठे लागतं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तो रिकामा राहिला तरच प्रसंग काढायचा विचार करावा.

उदाहरणार्थ, सुरुवातीला डेव्हिड हा यंत्रमानव पडद्यावरच्या भाषातज्ज्ञासमोर एक प्राचीन भाषा घोकत असतो. गती वाढवायची म्हणून हा तुकडा पहिल्यांदा हाताशी येतो. पण शेवटाकडे तो इंजिनिअरशी बोलतो, ते या शिकवणीच्या जोरावर. ती काढली की पुढचा संवाद आकाशातून पडतो. शिवाय तो जे म्हणतो ती श्लायशर या जर्मन भाषातज्ज्ञाने १८६८ मध्ये संस्कृतच्या पूर्वज भाषेची कल्पना करून रचलेली मेंढी-घोड्यांची गोष्ट आहे. तिच्यातले ‘अविस्’ आणि ‘अक्वासस्’ वाचताच संस्कृतचे ‘अवि’ आणि ‘अश्व’ आठवतील. ज्या गावात डेक्कन कॉलेजात संस्कृतचा महाकोश चालू आहे, तिथल्या माणसाने तरी हा प्रसंग कापू नये.

एक गाठ सोडवून बघू

सर्वांत जास्त हसं होतं ते मिलबर्न या जीवशास्त्रज्ञाचं. मृत इंजिनिअर बघून तो टरकून माघारी फिरतो, आणि त्याच रात्री फणा काढलेल्या सापासारख्या जिवाला कुत्र्याचं पिल्लू असल्यासारखा हात लावायला जातो. बहुतेक जण इथे साप कापायला घेतात. पण साप ठेवावाच लागतो, कारण पुढचे मृत्यू त्यावर उभे आहेत. चूक सापाच्या प्रसंगात नाही, बरीच आधी आहे.

ब्लू-रेवरच्या वगळलेल्या प्रसंगांत मिलबर्नला एक छोटासा किडा सापडतो आणि तो अक्षरशः हरखून जातो: परग्रहावरचा पहिला जीव. मृतदेह दिसण्याआधी हा तुकडा बसवला की माणूस कळतो. मेलेल्याला भिणारा, जिवंत प्राणी दिसला की भान हरपणारा. नंतरचा मूर्खपणा मूर्खपणाच राहतो, पण त्याचाच राहतो. वर सापापुढच्या लाडीगोडीतली एक-दोन वाक्यं कमी करावीत.

बसवताना आधीच्या-नंतरच्या शॉटमध्ये हेल्मेट डोक्यावर आहे की उतरलंय ते बघा. ते दिसण्याइतकंच ऐकूही येतं. हेल्मेटमधला आवाज रेडिओवरून आल्यासारखा बंदिस्त असतो, आणि पुढच्याच शॉटला तो मोकळा झाला तर जोड उघडा पडतो.

त्याचा जोडीदार फिफिल्ड नकाशे काढणारे उडते गोळे सोडतो आणि स्वतःच वाट चुकतो. यावर जोडायला काही नाही. तिथे वाट चुकल्याचे संवाद उडवावेत. दोघे वादळामुळे अडकले, एवढंच उरतं आणि तेवढं पुरतं.

वगळलेलं सगळंच मात्र परत आणू नये. इंजिनिअर सविस्तर बोलतो असाही एक लांब प्रसंग आहे आणि बऱ्याच चाहत्यांना तो आत घालायचा मोह होतो. नको. ज्याने आपलं कारण समजावून सांगितलं त्याची भीती अर्धी होते. ‘ब्लेड रनर’मध्ये याच दिग्दर्शकाने १९८२ चं निवेदन १९९२ च्या आवृत्तीत काढून टाकलं, तेव्हा गेलं ते स्पष्टीकरणच होतं.

आवाज: इथेच बहुतेक जण पडतात

चित्रातला कट डोळा सहज माफ करतो, कान करत नाही. म्हणून एकूण वेळातला निम्म्याहून जास्त वेळ आवाजासाठी धरावा.

डिस्कवरचा आवाज ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे सहा चॅनेल) घेऊन एफएफएमपेगने सहा वेगळ्या वेव्ह फाइलींत उलगडा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पूर्ण सिनेमाला साडेसहा जीबी पुरतात. इथली नेहमीची चूक म्हणजे चॅनेलचा क्रम. एका पद्धतीत तो डावा, उजवा, मधला असा असतो, तर दुसरीत डावा, मधला, उजवा. गल्लत झाली की सगळे संवाद उजव्या स्पीकरमधून येतात. प्रत्येक फाइल एकेकटी वाजवून बघा आणि नाव द्या. घरी ५.१ स्पीकर नसले तरी बंद कपांचा हेडफोन चालतो.

संवाद बहुतांशी मधल्या चॅनेलवर आणि संगीत बहुतांशी डाव्या-उजव्यावर असल्यामुळे एक वाक्य गायब करता येतं. पात्र पाठमोरं असताना किंवा समोरच्याच्या चेहऱ्यावर शॉट असताना मधल्या चॅनेलमधलं तेवढं वाक्य कापा. तिथे आता भोक पडतं: पावलं, कपड्यांची सळसळ, खोलीचा गुंजारव सगळंच जातं. ते बुजवायला त्याच प्रसंगातला कुणी बोलत नसलेला एखाद-दीड सेकंद उचलून टाकायचा. यालाच रूम टोन म्हणतात. एकच तुकडा चार-पाच वेळा चिकटवला तर पंख्यासारखा ताल ऐकू येतो, म्हणून दोन वेगळे तुकडे एकमेकांवर चढवावेत. संवादाच्या कडेला दोन ते चार फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज मावळताना दुसरा उगवणं), वातावरणाला बारा ते चोवीस फ्रेमचा. मागच्या दोन स्पीकरमध्ये त्या वाक्याचा प्रतिध्वनी उरला असेल तर तोही शोधून काढा. मोठ्या गुहेतल्या प्रसंगात तो हमखास असतो आणि भूत बोलल्यासारखं वाटतं.

संगीत चालू असताना मधला प्रसंग काढणं सर्वांत अवघड. तोडायचं तर तालावर तोडावं, नाहीतर दार आपटणं, इंजिन सुरू होणं अशा मोठ्या आवाजाखाली जोड लपवावा. काहीच जमत नसेल तर कटच हलवा. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर तोडायची गरज नसते. पुढच्या प्रसंगाचा आवाज अर्धा सेकंद आधी आत घेतला की बरेच ओबडधोबड जोड गुळगुळीत होतात.

रिपल डिलीट, म्हणजे तुकडा काढून पुढचं सगळं त्या जागी सरकवणं, करताना सगळे ट्रॅक उघडे आहेत ना, हे दरवेळी बघावं. एखादा ट्रॅक कुलूपबंद राहिला की त्या जागेपासून शेवटपर्यंत तो एकटाच मागे पडतो, आणि हे अर्ध्या तासाने लक्षात येतं. ओठ आणि आवाज जुळण्याचं माप असं: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला जाणवू लागतं, उशिरा मात्र १२५ पर्यंत खपतो. एक फ्रेम म्हणजे जवळपास ४२ मिलिसेकंद. शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागेच ठेवा.

रंग

वगळलेल्या प्रसंगांवर बहुतेकदा शेवटचा हात फिरलेला नसतो. रंग फिके, आवाज दोनच चॅनेलचा. वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडून आधी काळा रंग शेजारच्या शॉटशी जुळवा, मग त्वचेचा, बाकीचं आपोआप जवळ येतं. सगळंच धुरकट दिसत असेल तर रंग बिघडलेला नाही, १६ ते २३५ आणि ० ते २५५ या उजेडाच्या दोन पट्ट्यांची गल्लत झाली आहे. क्लिपच्या गुणधर्मात बदला. चौकट उंचीच्या २.३९ पट रुंद असल्याने १०८० मधल्या साधारण ८०४ ओळींतच चित्र असतं. नवीन तुकडाही वरखाली झाकून तेवढाच ठेवावा. ४के डिस्कचा एचडीआर (जास्त उजेड-रंगाचं चित्र) आणि साध्या ब्लू-रेचे जादा प्रसंग मिसळू नयेत, जोड प्रत्येक वेळी दिसतो.

दाखवणं आणि बाहेर काढणं

दोन माणसं लागतात: एक मूळ सिनेमा पाठ असलेला, एक अजिबात न बघितलेला. पुण्यात पहिल्या प्रकारची उणीव नाही. तो आपण होऊन मत देईल. खरी किंमत दुसऱ्याची. त्याला ‘आवडला का’ विचारू नका, ‘कुठे गोंधळलात’ एवढंच विचारा आणि बघताना तो कुठे मागे करायला सांगतो ते टिपून ठेवा. दोनदा तीच जागा आली तर कट चुकला आहे.

शेवटच्या एक्स्पोर्टला फ्रेमरेट २३.९७६ च ठेवा. सबटायटल सुरुवातीलाच टाइमलाइनवर आणली असतील तर ती प्रसंगांबरोबर सरकतात; नंतर बसवायची म्हणजे प्रत्येक कटनंतर वेळ नव्याने लावत बसणं. रेंडर रात्री लावा, आणि यूपीएस नसेल तर बुधवारी रात्री लावू नका. पुण्यात गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली की फाइल अर्धवट. तयार फाइल एकदा पडदा बंद करून नुसती ऐका, एकदा आवाज बंद करून नुसती बघा. दुसऱ्या फेरीत जोडांवर राहून गेलेल्या एका फ्रेमच्या चमका सापडतात.

वाटायचीच इच्छा असेल तर सिनेमा नाही, कटांची यादी वाटा. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक ओळीत सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, कुठल्या डिस्कवरचा तुकडा, आणि कापला की जोडला. ज्याच्याकडे ती डिस्क आहे तो आपल्या घरी तसाच कट उभा करेल, आणि सहा महिन्यांनी एसएसडी गेली तर तुम्हीही.