किटुईची शाळा: आधी फोन, मग पैसे

परदेशातल्या खेड्यातल्या शाळेला मदत करायची आहे, सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. मी नैरोबीत नोकरीला होते तेव्हा आम्ही पाच-सहा मराठी घरं मिळून केनियाच्याच किटुई काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एका माध्यमिक शाळेला हातभार लावत होतो. कोरोनाच्या वर्षात तिथे जे कळलं ते सांगते.

१५ मार्च २०२० ला केनियातल्या शाळा बंद करण्याची घोषणा झाली. ६ एप्रिलपासून नैरोबीबाहेर पडायलाही बंदी. ती उठली थेट जुलैत. घरात बसून जीव कासावीस व्हायचा. आम्ही लगेच टॅब्लेटसाठी वर्गणी सुरू केली आणि मग मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "चार्ज कुठे करणार? बऱ्याच घरांत वीज नाही. मोबाइलसुद्धा बाजारातल्या दुकानात पैसे देऊन चार्ज करतात."

हा फोन वर्गणीच्या आधी करायला हवा होता. मदतीला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

मग विचारलं, "बाई, आत्ता सगळ्यात जास्त कशाची अडचण आहे?" त्या म्हणाल्या, शिक्षकांची. केनियात टीएससीने, म्हणजे सरकारी शिक्षक आयोगाने, नेमलेल्या शिक्षकांना सरकारी पगार असतो. पण खेड्यांतल्या शाळा त्यांच्या व्यवस्थापन मंडळाने (बोर्ड ऑफ मॅनेजमेंट, बीओएम) नेमलेल्या शिक्षकांवरही चालतात. त्यांना 'बीओएम टीचर' म्हणतात आणि त्यांचा पगार निघतो मुख्यतः पालकांच्या फीमधून. शाळा बंद, फी बंद, पगार बंद. गणिताचे सर बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवायला लागले होते. असा शिक्षक एकदा हातचा गेला की शाळा उघडल्यावर परत येईलच असं नाही. टॅब्लेटची वर्गणी आम्ही या शिक्षकांच्या अर्ध्या पगाराकडे वळवली. एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवून, दर महिन्याला, आणि शाळेच्या वहीत प्रत्येकाची सही.

त्याच सरांनी त्याच मोटरसायकलवरून छापील प्रश्नपत्रिका गावोगावच्या दुकानांत पोचवल्या. मुलं तिथून न्यायची, सोडवून तिथेच आणून द्यायची. बाईंनी काही उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवले. कागदांना लाल माती लागलेली. एकीच्या मागच्या पानावर न्देंगूच्या पोत्यांचा हिशेब होता. न्देंगू म्हणजे आपले मूग, किटुईचं नगदी पीक. घरात कोरा कागद तेवढाच असणार. पुढच्या खेपेपासून प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक वहीही जाऊ लागली.

१२ ऑक्टोबरला फॉर्म फोर, म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलं, परत आली. बाकीच्यांना थेट ४ जानेवारी २०२१ ची वाट पाहावी लागली. किटुई कोरडा भाग, त्यात दिवसातून दहादा हात धुवायचे म्हणजे पाणी हवंच. पावसाचं पाणी साठवायला टाकी, साबण आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅड एवढीच बाईंची यादी होती. पॅड आमच्या डोक्यातही आले नव्हते. शाळेत मिळत होते तेव्हा मिळत होते, बंदच्या काळात मुलींची नुसती अडचण होत होती.

शाळा उघडल्या दिवशी पटावरची किती मुलं आली आणि कोण आलं नाही, हे नावानिशी विचारा. आम्ही जानेवारीत विचारलं. फॉर्म थ्रीची एक मुलगी आली नव्हती. ती आई झाली होती. केनियाच्या नियमानुसार अशा मुलीला शाळेत परत घेतलंच पाहिजे, पण हे तिच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. बाई स्वतः चालत तिच्या घरी गेल्या. फेब्रुवारीत ती वर्गात बसली. बाळ आजीकडे, आणि मधल्या सुट्टीत दूध पाजायला घरी जायची मुभा.