फ्रेंच प्रादेशिक रेडिओचा परवाना सांभाळताना या चुका टाळा

कॅनडातल्या रेडिओचा नियामक असलेल्या सीआरटीसीचं पत्र आलं त्या सकाळी बाहेर उणे २७ होतं आणि आमचा सकाळचा निवेदक शाळेच्या कोणत्या बसगाड्या आज निघणार नाहीत, ते वाचत होता. पत्रातली मागणी सरळ होती. अमुक रविवार ते शनिवार, सात दिवसांचं पूर्ण ध्वनिमुद्रण, वाजवलेल्या गाण्यांची यादी आणि तुम्ही स्वतः केलेली मोजणी पाठवा. मी मुद्रणाचं फोल्डर उघडलं. बुधवारी दुपारी दोनपासून शुक्रवार सकाळपर्यंत काहीच नव्हतं. डिस्क भरली होती आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्याच बुधवारी आम्ही गावातली लाकूड कापायची गिरणी बंद होतेय यावर दोन तास कार्यक्रम केला होता. कामगार स्टुडिओत येऊन बोलले होते. इतका आपल्या गावाचा कार्यक्रम त्या वर्षी दुसरा झाला नसेल. पण मुद्रण नाही, म्हणजे नियामकाच्या लेखी तो झालाच नाही.

मी मूळची नाशिकची. क्युबेकच्या उत्तरेकडच्या एका लहान फ्रेंच केंद्रात जाहिरातींचं वेळापत्रक आणि परवान्याचं काम बघते. कॅनडातल्या रेडिओत काम करणारे, कम्युनिटी रेडिओत हौसेने जाणारे किंवा एखाद्या केंद्राच्या मंडळावर बसणारे मराठी लोक मला अधूनमधून फोन करतात आणि त्यांच्या अडचणी फिरून फिरून त्याच असतात. परवाना धोक्यात येतो तो बहुतेक वेळा बेईमानीमुळे नाही, तर नियमातल्या साध्या शब्दांचा अर्थ आपल्या समजुतीने लावल्यामुळे.

मुद्रण चालूच असेल, असं गृहीत धरणं

इथले जुने लोक या मुद्रणाला ‘रुबाँ-तेम्वँ’ म्हणतात, म्हणजे साक्षीची फीत. आता फीत राहिली नाही, पण साक्ष तीच देते. प्रसारित झालेला प्रत्येक मिनिट स्पष्ट ऐकू येईल असा चार आठवडे जपून ठेवायचा. त्या काळात तक्रार आली तर आठ आठवडे. कार्यक्रमांची नोंदवही मात्र वर्षभर.

चार आठवडे हा काळ फार छोटा आहे. पत्र उशिरा उघडलं, संचालक सुट्टीवर असला, की मागितलेल्या आठवड्यातले पहिले दिवस आपोआप पुसले जातात. म्हणून पत्र हातात पडलं त्या तासाला तो आठवडा वेगळ्या डिस्कवर काढून घ्या, बाकीचं नंतर. आणि रोज सकाळी कुणीतरी आदल्या दिवसाचा कुठलाही एक मिनिट ऐकून पाहायचा. फाइल आहे एवढं बघून भागत नाही, ती ऐकावी लागते. आमच्याकडे एकदा फाइल होती आणि आत नुसती घरघर होती.

‘स्थानिक’ म्हणजे स्टुडिओ गावात असणं, असं समजणं

इथे जरा थांबते, कारण खरा घोळ इथेच आहे.

ज्या गावात एकाहून जास्त व्यावसायिक केंद्रं आहेत, तिथल्या एफएम केंद्राला स्थानिक जाहिराती घ्यायच्या असतील तर प्रसारण-आठवड्याचा किमान एक तृतीयांश वेळ स्थानिक कार्यक्रमांना द्यावा लागतो. १९९३ मध्ये ठरलेलं हे धोरण आहे. प्रसारण-आठवडा म्हणजे सगळे १६८ तास नव्हेत. सकाळी सहा ते मध्यरात्र, रोजचे १८ तास, सात दिवस, म्हणजे १२६ तास. त्याचा तिसरा हिस्सा ४२ तास. रात्री दोन वाजता कितीही जीव ओतून स्थानिक कार्यक्रम केला, तरी तो या ४२ मध्ये बसत नाही. एका ओळखीच्या केंद्राने रात्रपाळीचे तास धरून हिशेब जुळवला होता. सहानंतरचेच तास मोजल्यावर कितीतरी तास कमी पडले.

स्थानिक कार्यक्रम म्हणजे केंद्राने स्वतः केलेला, किंवा फक्त त्याच केंद्रासाठी वेगळा तयार केलेला. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम तेव्हाच किंवा नंतर वाजवला तर तो स्थानिक नाही. पाच मिनिटं किंवा त्याहून मोठा नेटवर्कचा कार्यक्रमही नाही, अपवाद एवढाच की तो तुमच्या केंद्राने किंवा तुमच्याशी ठरवून तुमच्याच गावात तयार झाला असेल. यातून एक गोष्ट निघते जी अनेकांना उलटी वाटते. मॉन्ट्रियलमध्ये बसलेल्या निवेदकाने केवळ रुइन-नोरांदाच्या केंद्रासाठी मुद्रित केलेला तास स्थानिक धरता येतो. आणि तोच निवेदक चार केंद्रांसाठी एकच तास बोलला आणि मध्ये फक्त गावाचं नाव बदलून टाकलं, तर तो धरता येत नाही. केंद्रांच्या साखळ्या वाढल्यापासून ही गावाचं नाव बदलण्याची पद्धत सर्रास दिसते. माझ्या मते ती श्रोत्यांची फसवणूक आहे, मग मोजणीत पकडली जावो की न जावो.

पण स्थानिक वेळेत नुसती गाणी लावूनही चालत नाही. त्यात त्या समाजाशी थेट संबंध असलेलं बोलणं लागतं. स्थानिक बातम्या, हवामान, खेळ आणि गावातल्या कार्यक्रमांची माहिती हे चारही हवं. ‘थेट संबंध’ हे शब्द महत्त्वाचे. ओटावातल्या अर्थसंकल्पाची बातमी आमच्या स्टुडिओतून वाचली म्हणून ती स्थानिक होत नाही. त्याच अर्थसंकल्पामुळे आमच्या गावच्या नदीवरचा पूल दुरुस्त होणार असेल, आणि आम्ही नगरपालिकेत फोन करून ते विचारलं असेल, तर ती स्थानिक. बसगाड्या रद्द झाल्याची यादी, मुलांच्या हॉकीचे निकाल, चर्चच्या तळघरात शनिवारी मदतनिधीसाठी असलेलं स्पॅगेटीचं जेवण, हे सगळं मोजणीत येतं. नोंदवहीत ‘निवेदन’ एवढं एकच लिहून ते वाया घालवू नका. काय सांगितलं आणि कुठल्या गावाचं, हे दोन शब्द तिथे लिहा. मोजणीच्या दिवशी तेच उपयोगी पडतात.

भारतातल्या वाचकांना इथला फरक लक्षात येईल. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्याच तर आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी घ्यावी लागतात. इथे गावची बातमी दिली नाही तर गावची जाहिरात घेण्याचा हक्कच जातो. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखं कम्युनिटी रेडिओ केंद्र जवळून पाहिलेल्या माणसाला हा नियम किती मोलाचा आहे, ते वेगळं सांगायला नको.

गाणी फ्रेंच आहेत ना, मग झालं

एका मराठी मुलीने, जी शनिवारी एका फ्रेंच केंद्रावर कार्यक्रम करते, मला विचारलं होतं, “ताई, सगळी गाणी फ्रेंचच लावली, तरी कॅनडाचा कोटा कमी कसा पडला?” तिच्या यादीत अर्ध्याहून जास्त स्त्रोमाए हा गायक होता.

दोन वेगळे कोटे आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. फ्रेंच केंद्राच्या लोकप्रिय संगीतातल्या गायलेल्या गाण्यांपैकी आठवड्यात किमान ६५ टक्के फ्रेंच हवीत. सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळेत किमान ५५ टक्के. हा दुसरा आकडा नसता तर फ्रेंच गाणी रात्री आणि शनिवार-रविवारी ढकलून मोकळं होता आलं असतं. याशिवाय लोकप्रिय संगीतात ३५ टक्के गाणी कॅनडाची हवीत. स्त्रोमाए बेल्जियमचा. त्याचं गाणं फ्रेंच मोजलं जातं, कॅनडाचं नाही. गायिका सेलीन दियों क्युबेकची, पण तिचं इंग्रजी गाणं फ्रेंचच्या खात्यात जात नाही, आणि गायिका कॅनडाची म्हणून कॅनडाच्या खात्यात जाईलच असंही नाही. यादीत भाषेचा आणि देशाचा असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. नुसतं वाजवलेलं, कुणी न गायलेलं संगीत ६५ टक्क्यांच्या हिशेबात येतच नाही.

आता एक बारीक गोष्ट, जिने आम्हाला खरंच घाम फोडला. फ्रेंच गाणं मोजलं जाण्यासाठी ते पूर्ण वाजायला हवं. समजा तासाला १२ गायलेली गाणी लागतात. सोमवार ते शुक्रवारच्या दिवसाच्या ६० तासांत ७२० झाली. तासाला सात फ्रेंच धरली तर ४२०, म्हणजे ५८ टक्के. छान. पण दर तासाला बातम्यांच्या आधीचं शेवटचं फ्रेंच गाणं निवेदक दोन कडव्यांनंतर तोडत असेल, तर ६० गाणी गेली. उरली ३६०. ५० टक्के. संगणकातली यादी मात्र अजून ५८ च दाखवते, कारण तिला गाणं सुरू झाल्याचं कळतं, तुटल्याचं नाही. उपाय सोपा आहे. बातम्यांच्या तोंडाशी वाद्यसंगीत किंवा इंग्रजी गाणं ठेवा, आणि तोडायचं झालं तर तेच तोडा.

अनेक इंग्रजी गाण्यांचे तुकडे जोडून केलेला ‘माँताज’ एकच गाणं म्हणून मोजायचा, ही युक्तीही जुनी. नियामकाला ती फार पूर्वीच कळली आहे.

आकडा परवान्यात नसताना भरवशावर राहणं

ही चूक श्रोत्यांची जास्त. ऑंटारियोतलं विंडसर हे नदीपलीकडे डेट्रॉइट असलेलं शहर. तिथे फ्रेंच शेतकरी १७४९ पासून वसले. तिथल्या सीबीईएफ या रेडिओ-कॅनडाच्या, म्हणजे सार्वजनिक फ्रेंच प्रसारकाच्या केंद्राचे बहुतेक स्थानिक कार्यक्रम २००९ च्या कपातीत गेले आणि टोरोंटोहून येणारे कार्यक्रम लागायला लागले. विंडसरमधल्या फ्रेंच भाषकांनी ‘एसओएस सीबीईएफ’ नावाने एकत्र येऊन लढा दिला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. २०१३ मध्ये परवान्याचं नूतनीकरण करताना सीआरटीसीने विंडसरसाठी आठवड्याला किमान १५ तास स्थानिक कार्यक्रमांची अट घातली. भावना, परंपरा, अर्ज यांनी जे झालं नाही, ते परवान्यातल्या एका आकड्याने झालं.

म्हणून तुमच्या गावच्या केंद्राचं नूतनीकरण जाहीर झालं की मुदतीच्या आत आपलं म्हणणं लेखी पाठवा. कुणालाही पाठवता येतं. ‘स्थानिक कार्यक्रम वाढवा’ असं मोघम लिहू नका. किती तास, कोणत्या वेळी, कोणत्या विषयावर, ते लिहा.

केंद्र चालवणाऱ्यांना याच्या उलट सांगेन. अर्जात भावनेच्या भरात मोठे आकडे देऊ नका. दिलेलं वचन अट होऊन परत येतं.

मनोरा, मंडळ आणि बिंगो

सीआरटीसीचा परवाना म्हणजे सगळं झालं असं नाही. तरंगांच्या वापराचं तांत्रिक प्रमाणपत्र वेगळं, ते केंद्र सरकारचं उद्योग खातं देतं. मनोरा हलवायचा किंवा शक्ती वाढवायची तर दोन्हीकडे जावं लागतं, आणि शेजारच्या मोठ्या शहरात मागच्या दाराने शिरायचा हा प्रयत्न आहे का, हे सीआरटीसी बारकाईने बघते.

मंडळावर येणाऱ्या आपल्या लोकांनी एक विचारूनच घ्यावं. परवानाधारक संस्थेच्या संचालक मंडळात किमान ८० टक्के सदस्य कायद्याच्या अर्थाने ‘कॅनेडियन’ हवेत. पाच जणांच्या मंडळात त्या व्याख्येबाहेरचा एकच चालतो. कायम रहिवाशांसाठी व्याख्येत अटी आहेत, तेव्हा नाव कळवण्याआधी तपासा.

क्युबेकमधली अनेक लहान केंद्रं रेडिओ बिंगोवर, म्हणजे तांबोल्यासारख्या आकड्यांच्या खेळावर, तगून आहेत. त्याला प्रांताचा वेगळा परवाना लागतो, प्रसारणाच्या परवान्यात तो येत नाही.

आणि फ्रेंच केंद्रावर मराठीचा तास? जरूर करा. फ्रेंच आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांना प्रसारण-आठवड्याच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळपास १९ तास, वेगळी परवानगी न घेता देता येतात. हे १९ तास सगळ्या भाषांचे मिळून आहेत, तेव्हा अरबी आणि स्पॅनिशवाल्यांशी आधी बोलून घ्या.

लोकप्रिय आहोत म्हणून वाचू, असं मानणं

क्युबेक शहरातलं शोई-एफएम तिथल्या सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या केंद्रांपैकी होतं. अपमानास्पद बोलण्याच्या तक्रारी वाढल्यावर २००२ मध्ये दोनच वर्षांचं नूतनीकरण मिळालं, आचारसंहितेच्या अटीसह. वागणं सुधारलं नाही. १३ जुलै २००४ ला सीआरटीसीने नूतनीकरण नाकारलं. हजारो लोक रस्त्यावर उतरले, तरी न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. केंद्र शेवटी दुसऱ्या मालकाकडे, नव्या परवान्याखाली चालू राहिलं. परवाना काढून घेणं फार टोकाचं आहे, असं मलाही वाटतं. पण गावच्या माणसावर माइकवरून चिखल उडवणं म्हणजे स्थानिक कार्यक्रम नव्हे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चूक सापडलीच तर

आम्ही काय केलं ते सांगते. डिस्क भरल्याचं त्याच दिवशी लेखी कळवलं. कोणते तास गेले, मिनिटासकट. उरलेल्या दिवसांचं मुद्रण आणि मोजणी मुदतीआधी पाठवली. दुसरं यंत्र बसवलं त्याची पावती जोडली, आणि रोज सकाळी कोण ऐकणार त्याचा तक्ता. ‘तांत्रिक अडचण’ हे दोन शब्द लिहून सोडलं नाही, कारण पुढच्या खेपेला तीच अडचण आली तर ते शब्द आपल्याच विरुद्ध जातात.

वार्षिक विवरणपत्राचीही एक तारीख भिंतीवर लावली. वर्ष ३१ ऑगस्टला संपतं आणि विवरणपत्र ३० नोव्हेंबरपर्यंत पोचावं लागतं. लहान केंद्रांच्या नावावर लागणारे डाग पुष्कळदा एवढ्या एका तारखेचे असतात.

तक्त्यावर सोमवारी माझं नाव आहे. स्वेटर न काढताच हेडफोन लावते आणि रविवारचा कुठला तरी एक मिनिट उघडते. काल संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी कुणीतरी हरवलेल्या मांजरीचं वर्णन करत होतं, रस्त्याच्या नावासकट. आवाज स्वच्छ होता.