खाली बसून वाढदिवसाची पंगत: खान्देशात हॉटेल कसं शोधाल?

वाढदिवस नातवाचा असला तरी हॉटेल शोधायला सुरुवात आजीपासून करा. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला अर्धा तास मांडी घालून बसता येतं का, आणि मुख्य म्हणजे नंतर उठता येतं का, हे आधी विचारा. आमच्याकडे तेवढंच राहून गेलं. वडिलांच्या साठीला, 'खाली बसायची सोय आहे' असं फोनवर ऐकून एका ठिकाणी वीस माणसं घेऊन गेलो. सोय म्हणजे गुळगुळीत फरशीवर पातळ सतरंजी, ताटं थेट जमिनीवर. आत्याला वाकवेना. तिने ताट उचलून मांडीवर घेतलं आणि शेवभाजीची तर्री नव्या साडीवर. तो डाग अजून गेलेला नाही.

'भारतीय बैठक' हा शब्द फार सैल आहे. कुठे गादी नि लोड-तक्के, कुठे पाट आणि समोर चौरंग, तर हायवेच्या कितीतरी ढाब्यांवर नुसती खाट आणि मधे आडवी फळी. खाटेवर गप्पा रंगतात, पंगत जमत नाही. म्हणून फोनवर खोदून विचारा: चौरंग किती आहेत? पाठ टेकायला भिंत आहे का? पंगतीच्या टोकाला एक टेबल नि दोन खुर्च्या लावून द्याल का? हे शेवटचं विचारायला लाजू नका. फक्त ती खुर्ची पंगतीला लागूनच हवी. आजीला पलीकडच्या हॉलमध्ये बसवलं तर तिच्या दृष्टीने वाढदिवस झालाच नाही.

मग एकदा स्वतः जाऊन या, दुपारी चारच्या सुमाराला. हॉटेल रिकामं असतं, मालकही बोलायच्या मूडमध्ये असतो. चपला काढा आणि खरोखर मांडी घालून बसा. चौरंग फार बुटका असेल तर घासागणिक वाकावं लागतं. दोन ओळींमधून वाढप्याला रश्श्याचं भांडं घेऊन जाता येईल एवढी वाट हवी. कूलर उंच स्टँडवर असेल तर वारा डोक्यावरून जातो, खाली बसलेले घामाघूम. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बसवत असतील तर सरळ नाही म्हणा.

जेवण मोसमाप्रमाणे ठरवा. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, दुसरं काही बघूच नका. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाने चव येत नाही. वांगी कशावर भाजता ते विचारा. कपाशीच्या काड्यांवर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचलेलं भरीत आणि गॅसवरचं भरीत यांतला फरक पहिल्या घासाला कळतो. वरण-बट्टी किंवा खापरावरची पुरणपोळी हवी असेल तर आदल्या दिवशीच ऑर्डर द्या. खापरावरची पोळी करणारी बाई रोज येतेच असं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास वाढदिवस येत असेल तर आणखी आधी, कारण तेव्हा घरोघरी लेकी माहेरी आलेल्या असतात आणि मांडे, म्हणजे हीच खापरावरची पोळी, करणाऱ्या बायकांना उसंत नसते. रावेर-यावलकडे असाल तर केळीच्या पानाचं विचारून बघा.

औक्षण तिथेच करणार असाल तर निरांजन लावू देतात का, हे आधी ठरवा. गाद्यांजवळ ज्योत नको म्हणून काही जण हरकत घेतात, आणि ती रास्तच आहे. एक पाट भिंतीपासून दूर मांडून घ्या. ताम्हन, सुपारी, अंगठी, कुंकू घरूनच न्या. केक आणणार असाल तर तो जेवणाआधी, वेगळ्या चौरंगावर कापा. पंगतीत पोरांच्या हाताला लागलेलं क्रीम गादीला पुसलं जातं आणि मग मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अॅडव्हान्स देताना चौरंग, खुर्च्या, माणसं आणि वेळ व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. आणि जागा अर्धा तास जास्तीची सांगा. बट्टीवर तूप ओतून झाल्यावर कुणीही लगेच उठत नाही, गुडघे चांगले असले तरी.